केसभर ढाळ

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला लोक आमच्याकडे येतात तेव्हा ह्यांना अगदी अगत्याने बोलावतात आणि माझ्याकडे वळले की जरा चाचरतात. "वहिनी, तुम्हीपण या हं," म्हणतात, पण "आणि गुपचूप जेवून जा" हे त्यात आलंच. त्यांचंही बरोबर आहे. नव्या घरात गेल्यावर बाकीच्या बायका पडदे बघतात, ओटा बघतात, देवघराच्या कमानीचं कौतुक करतात. मी आधी बाथरूममध्ये जाते, तांब्याभर पाणी जमिनीवर ओतते आणि ते कुठे जातंय हे बघत उभी राहते. बाहेर येताना दारामागच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करते. एकदा तर सत्यनारायणाची कथा चालू असताना माझी टकटक ऐकून गुरुजी थांबले होते. ह्यांनी तेव्हापासून मला भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यावर बसवायची पद्धत ठेवली आहे. पण जित्याची खोड, ती काय अशी जाते होय?

मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सिव्हिल मेंटेनन्सला होते. कारखान्यात नेमकं काय बनतं हे मला विचारू नका, ते ह्यांना विचारा, हे तिथे होते. मला तिथल्या माणसांच्या मोऱ्या, गच्च्या आणि दारं माहीत आहेत. साताऱ्याहून डिप्लोमा घेऊन, लग्न करून इथे आले आणि नोकरीला लागले, तेव्हा आमच्या ऑफिसात मी एकटीच बाई. साहेब लोकांना प्रश्न पडला की हिचं करायचं काय. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की क्वार्टरच्या तक्रारी घेऊन दुपारी बायकाच येतात, तर हिला तक्रारींच्या टेबलावर बसवा. मला वाटलं, शिक्षा दिली. पुढे बढती मिळून दुसरीकडे जायची वेळ आली तेव्हा मीच नको म्हटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की तक्रारी जुन्या घरांच्या असतात. छे! जुनं घर बिचारं सगळं सोसून शांत झालेलं असतं. खरा ताप नव्या क्वार्टरांचा. एखादा नवा ब्लॉक बांधून व्हायचा तो हमखास मार्चच्या तोंडावर, ठेकेदाराला घाई, आमच्या साहेबांना त्याहून घाई. सिमेंटचा गिलावा केला की त्याला रोज पाणी मारत राहावं लागतं, तान्ह्या बाळाला पाजावं तसं, वेळच्या वेळी. घाईत ते राहतं. मग गिलावा भिंतीला नुसता चिकटून असतो, आत पोकळ. वरून चुन्याचा हात फिरला की सगळं कसं झकास दिसतं. माझी टकटक त्यासाठी. भरीव भिंत ठणठणीत उत्तर देते, पोकळ भिंत घसा बसल्यासारखी बोलते. ओळंबा लावला की चौकट सरळ आहे की कललेली ते समजतं. आणि तांब्याभर पाणी ओतलं की ढाळ समजतो. ढाळ म्हणजे उतार. बाथरूमची जमीन, गच्ची, खिडकीचा बाहेरचा कठडा, हे सगळं दिसायला सपाट असलं तरी सपाट नसतं. पाणी जिकडे जायला हवं तिकडे ते थोडं उतरतं केलेलं असतं. भिंतीपासून मोरीच्या जाळीपर्यंत बोटभर तरी उतार हवा. चांगल्या मिस्त्रीने केलेला ढाळ डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही, फक्त पाण्याला कळतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. हिशेब खात्यातले एक त्रिपाठीजी होते, त्यांच्या नव्या क्वार्टरच्या बेडरूमचं दार आपोआप उघडायचं. लावलं की थोड्या वेळाने कुरकुर करत उघडायचं. घरात भूत आहे अशी मिसेस त्रिपाठींची खात्री झाली. त्यांनी पंडितजींना आणून पूजा घातली. मी गेले, ओळंबा सोडला, तर चौकटच कललेली. मी म्हटलं की भूतबीत काही नाही, सुताराने डुलकी घेतली होती. तर मिसेस त्रिपाठी मला सांगायला लागल्या की पूजेनंतर बरेच दिवस दार उघडलं नव्हतं, म्हणजे काहीतरी होतंच. मी आत डोकावले. पूजेचा नारळ त्यांनी दाराला टेकवून ठेवला होता, दार उघडणार कसं? चौकट सरळ करून दिली. नारळ मात्र त्यांनी उचलू दिला नाही.

आणि एक पोर होती, नुकतं लग्न होऊन केरळातून आलेली. नवरा टेक्निशियन, पाळ्यांमध्ये काम. ती दर आठवड्याला तक्रार घेऊन यायची. कधी नळ, कधी कडी, कधी खिडकीची काच हलते. हिंदी जेमतेम. आमचा प्लंबर वैतागला, म्हणाला, मॅडम, नल तो एकदम ठीक है. मग मीच गेले. नळ खरंच ठीक होता. तिने मला बसवलं, केळ्याचे काप तळून दिले आणि माझं खाणं होईपर्यंत समोर बसून राहिली. नव्या भिंतींशी दिवसभर बोलायचं तरी काय, हे मला माझ्या पहिल्या वर्षावरून माहीत होतं. मी शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघीतिघींची तिच्याशी ओळख करून दिली. तक्रारी बंद झाल्या. मग मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि ते केळ्याचे काप खायला मी आपणहून जात राहिले.

पण ज्यांची गोष्ट सांगायला मी बसले आहे ते खेरसाहेब माझ्या टेबलावर कधीच आले नव्हते. अख्ख्या नोकरीत एक तक्रार नाही. ते असेंब्लीमध्ये फोरमन. मोठमोठी यंत्रं ज्या पायावर उभी राहतात तो पाया सपाट बसवायचा, हे त्यांचं काम. तो पाया केसभर जरी कलला तरी फिरणारं यंत्र थरथरून स्वतःला खिळखिळं करून घेतं, असं ह्यांच्याकडून ऐकलंय. त्यासाठी खेरसाहेबांकडे एक पाणसळ होती, म्हणजे सपाटी बघायचं हत्यार. गवंड्याची असते तशी साधी नाही. जाड लोखंडाची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, आणि इतकी नाजूक की एका टोकाखाली सिगरेटचा कागद सरकवला तरी बुडबुडा पळायचा. ती ते मखमल लावलेल्या पेटीत ठेवत. क्वार्टरमधलं सगळं स्वतःच दुरुस्त करत. आमचा सुतार म्हणायचा की खेरसाहेबांच्या घरात जायची मला लाज वाटते.

रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. आमच्याकडच्या प्रत्येक मराठी घरात त्या सुमाराला एकच वाद पेटायचा: गावी जायचं की इथेच राहायचं? निम्मे लोक पुण्या-नागपूरला गेले. खेरसाहेबांनी टाउनशिपच्या कुंपणापलीकडे, कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत घर बांधलं. ते बांधलं मालतीताईंसाठी. मालतीताई खेर लग्न होऊन आल्या तेव्हा टाउनशिपमध्ये झाडं नव्हती, नुसती काळी माती आणि दगड. इथे त्यांनी बालवाडी काढली, भजनी मंडळ काढलं, निम्म्या टाउनशिपची बाळंतपणं निस्तरली. माझं पहिलं बाळंतपणही त्यांनीच केलं, माझी आई पोचेपर्यंत. त्या मला शैला म्हणतात आणि अजून माझ्यावर ओरडतात.

बांधकाम करायला अशोका गार्डनचा रफीक मिस्त्री होता. मी त्याला ओळखत होते, टाउनशिपमध्ये त्याने पुष्कळ काम केलेलं. हात साफ, बोलणं कमी. खेरसाहेब सकाळी डबा घेऊन साइटवर जात आणि संध्याकाळी परतत. वास्तुशांतीला मी गेले होते, पण त्या दिवशी बाथरूममध्ये तांदळाची पोती आणि पातेली रचलेली, आणि मालतीताईंनी मला दारातच दम दिला होता की आज तुझा तांब्या लांब ठेव. मी ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी खेरसाहेब आमच्या दारात उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, माझ्या घरातला दोष काढून द्या."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गच्चीवर पाणी साचून राहतं आणि बेडरूममध्ये गळतं. खिडक्यांच्या कठड्यांवरून पाणी भिंतीत मुरतं. बाथरूममध्ये तर आंघोळीनंतर तासभर साबणाचं पाणी उभं असतं. आणि त्या पाण्यात मालतीताई घसरून पडल्या, मनगट मोडलं. अरेरा कॉलनीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय. पुण्याचा मुलगा, मिलिंद, पुढच्या रविवारी येतोय. तो म्हणतो, बाबा, असलं घर विका आणि दोघं माझ्याकडे या. त्याने एक गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. मिस्त्रीने फसवलं, माती खाल्ली, असं खेरसाहेब दोनतीनदा म्हणाले. रफीकला त्यांनी घराच्या फाटकातूनच परत पाठवलं होतं आणि सोसायटीत चारचौघांना सांगितलं होतं की याला कोणी काम देऊ नका. दुसरे मिस्त्री बोलावले तर ते यांचा दरारा ऐकून येईनात.

"दुरुस्त होण्यासारखं असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा, मी विकतो," म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता.

मी लगेच गेले. बाहेरून घर म्हणजे नजर लागावी असं. एक कोपरा इकडचा तिकडे नाही. मी बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ते पसरलं आणि बसून राहिलं, कुठे जायचं नावच नाही. एवढी गुळगुळीत, एवढी सपाट जमीन मी टाउनशिपमध्ये कधी बघितली नव्हती. चोराच्या हातचं कामच नव्हतं ते. चोर माल मारतो, वेळ मारतो, पण इतकं सपाट करायला वेळ घालवत नाही. गच्चीवर गेले, तिथेही तेच, डबक्यात आभाळ दिसत होतं. हे कोणाचं काम आहे ते मला समजलं.

खाली स्वयंपाकघरात मालतीताई एका हाताने मेथी निवडत बसल्या होत्या. दार लोटून घे म्हणाल्या. मग विचारलं, "कळलं ना तुला?"

मी मान हलवली. मेथीची जुडी माझ्याकडे ओढून घेतली, म्हणजे हाताला काहीतरी काम. मग त्यांनीच सगळं सांगितलं. रफीकने बाथरूमला ढाळ अगदी बरोबर दिला होता. फरशी बसल्यावर खेरसाहेब त्यांना दाखवायला घेऊन गेले. मालतीताईंचे गुडघे तेव्हापासूनच दुखरे. त्या फरशीवर चालल्या आणि आपल्या सवयीप्रमाणे थट्टेत म्हणाल्या की अगंबाई, हा तर डोंगरच झाला, मी गडगडत जाईन की मोरीत. झालं. खेरसाहेबांनी त्याच संध्याकाळी ती फरशी उखडायला लावली. स्वतः पाणसळ घेऊन उभे राहिले. बायकोच्या पायाला उतार लागता कामा नये. ढाळ त्यांनी ठेवला, नाही असं नाही, पण ठेवला तो त्यांच्या पाणसळीने मोजून. त्यांच्या पाणसळीत बुडबुडा एका टोकाला पळाला की त्यांच्या दृष्टीने तो भला मोठा उतार. बाथरूम झाल्यावर गच्ची. कुरडया घालायला मालतीताई गच्चीवर जाणार ना, मग तिथेही तसंच. मग खिडक्या, मग अंगण.

"माझ्यासाठी केलंय गं त्यांनी," मालतीताई म्हणाल्या. "मी पडू नये म्हणून. आणि मी त्याच्यामुळेच पडले हे त्यांना समजलं, तर तो माणूस उभा राहायचा नाही. त्यापेक्षा मिस्त्रीवर जाऊ दे. तू त्यांना काही बोलू नकोस."

मी विचारलं, मग पुण्याचं काय?

त्यांनी निवडलेली पानं चाळणीत लोटली. मग म्हणाल्या की मिलिंद चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण तिथे बाल्कनीत उभं राहिलं तर खालून जाणारं एकही माणूस वर बघून हाक मारत नाही. "मला पुण्याला नाही जायचं, शैला. मला याच घरात राहायचंय. पण यांना इथे रोज ते पाणी बघून झुरायला लावू का? त्यापेक्षा जाते."

घरी येईपर्यंत माझा संताप संताप झाला होता. कोणावर, ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर अशोका गार्डनला गेले. रेल्वे लाइनच्या अलीकडच्या गल्लीत रफीकचं घर. तो नुकताच मंडीदीपच्या साइटवरून आलेला, कोपरापर्यंत सिमेंट. सोसायटीतली कामं बंद झाल्यामुळे आता रोज तेवढ्या लांब जात होता. मला वाटलं, चार शब्द ऐकवेल. पण त्याने आधी मालतीताईंच्या हाताचं विचारलं. मग मी विचारलं, दुरुस्तीला येशील का?

"घर तो मेरे हाथ का है मैडम, बिगड़ा है तो मैं ही ठीक करूँगा," म्हणाला. "बस साहब इतना कह दें कि ढाल उन्होंने निकलवाई थी. बाज़ार में नहीं. मेरे सामने कह दें, बहुत है."

आता बघा माझी गत. मालतीताई म्हणतात बोलू नकोस, रफीक म्हणतो बोलायला लाव. न बोलावं तर मिस्त्री येत नाही, मिस्त्री आला नाही तर घर जातं. बोलावं तर त्या माणसाला कायमचं मोडून टाकल्यासारखं. इकडे आड तिकडे विहीर. आठवडाभर मी भाज्या करपवल्या. ह्यांनी तीनचार दिवस करपलेलं निमूट खाल्लं आणि मग म्हणाले की तुला माणसांतलं फारसं कळत नाही, घरांतलं कळतं, तर घराला काय हवंय तेवढं बघ. हे कारखान्यातून आले की पेपरात डोकं घालून बसत, पण कधीकधी असं बोलत.

रविवारी गेले. मिलिंद आला होता. भला मुलगा, आईच्या हाताकडे बघून त्याचा जीव तुटत होता. संध्याकाळी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. खेरसाहेब माझी वाट बघत होते, कपडे करून, भांग पाडून, निकाल ऐकायला बसल्यासारखे. मी म्हटलं, गच्चीवर चला, आणि तुमची पाणसळ घ्या.

त्यांनी पेटी आणली. गच्चीवर पाणसळ ठेवली, पावसाचं पाणी जायच्या पाइपाकडे तोंड करून. बुडबुडा सरसर पार टोकाला गेला. "बघा," ते म्हणाले, "ढाळ आहे." मी म्हटलं, आता बादलीभर पाणी ओता. त्यांनी ओतलं. पाणी पसरलं, आमच्या दोघांच्या चपलांखाली आलं आणि थांबलं. पाइप तिथून पाच पावलांवर होता. ते पाण्याकडे बघत राहिले, मग पाणसळीकडे, मग परत पाण्याकडे.

"पाणसळ खोटी नाही, खेरसाहेब," मी म्हटलं. "पण ती यंत्राची आहे. यंत्राला केसभर कललेलं समजतं. पाण्याला नाही समजत, त्याला बोटभर लागतं. रफीकने बोटभर दिलं होतं. तुम्ही काढायला लावलंत."

मला वाटलं होतं ते चिडतील. मी तयारीत होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, "बाथरूममध्येसुद्धा?"

मी हो म्हटलं. ते तिथेच कठड्यावर बसले. कठड्यावरही पाणी होतं, त्यांचा इस्त्रीचा पायजमा भिजला, तिकडे लक्ष नाही. म्हणाले, "म्हणजे ती माझ्यामुळे पडली."

मला रडू येत होतं आणि मी पाइपाच्या जाळीत अडकलेली पानं काढायला लागले.

जिन्यात पावलं वाजली. मालतीताई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, दुखऱ्या गुडघ्यांनी वर आल्या होत्या, मागून मिलिंद आई, आई करत. त्यांना माझं तोंड बघूनच समजलं मी काय केलंय ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी मी खाली बघते. मग नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्यामुळे कशाने? मी थट्टा केली, तुम्ही ती खरी मानलीत. इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून तुम्हाला माझी थट्टा कळत नाही."

खेरसाहेबांनी वर बघितलं. "तुला पुण्याला जायचंय का?"

"मला कोणी विचारलंय?"

"मी विचारतोय."

"नाही जायचं," मालतीताई म्हणाल्या.

त्यावर ते उठले, पेटी बंद केली, खाली गेले आणि स्कूटर काढली. मिलिंद मी येतो म्हणाला तर नको म्हणाले. ओल्या पायजम्यानेच गेले. तिकडे काय झालं ते मला नंतर रफीकने सांगितलं. गल्लीत स्कूटर उभी करून साहेब घरात यायला तयार होईनात. आजूबाजूला चहा पीत बसलेल्या माणसांच्या देखत म्हणाले की मिस्त्री, ढाल मैंने निकलवाई थी, मेरा घर मैंने बिगाड़ा, आप आके ठीक कर दो. रफीकने बाजारात सांगा असं कधीच म्हटलं नव्हतं. त्याने हाताला धरून त्यांना आत नेलं आणि चहा पाजला. परत आल्यावर सोसायटीतल्या ज्या ज्या घरी ते रफीकबद्दल वाईट बोलले होते त्या प्रत्येक घराची बेल वाजवून तेच सांगून आले. एरवी कोणाच्या दाराशी स्कूटरवरून खालीही न उतरणारा माणूस.

इकडे संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. मिलिंदला काय सांगावं सुचेना. मालतीताईंनी त्या गृहस्थांना बसवलं, पोहे दिले, वर जिलबी आणवली आणि हसतहसत सांगितलं की घर गळतं हो आमचं, तुम्ही कशाला फसता? ते बिचारे पोहे खाऊन, आभार मानून गेले.

पाऊस सरल्यावर रफीक आला. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर देऊन नवा ढाळ केला, खिडक्यांचे कठडे उतरते केले. बाथरूमची फरशी उखडताना खेरसाहेब घरात थांबले नाहीत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. पाणसळीची पेटी कपाटात होती. फरशी बसली, वाळली, तेव्हा रफीकने तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाणी ओतलं. ते सरळ जाळीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. ते "वा" म्हणाले आणि पुन्हा ओतलं, आणि मग पुन्हा, मालतीताईंनी टाकी रिकामी कराल म्हणून ओरडेपर्यंत. भिंतीला धरायचे लोखंडी गज मात्र त्यांनी स्वतः बसवले. रफीक तेव्हा बाजूला सरकून उभा राहिला. ते गज अजून हलत नाहीत.

पण त्यांच्या मनातली धास्ती काही गेली नाही. मालतीताई आंघोळीला गेल्या की खेरसाहेब दाराबाहेर उभे. पेपर हातात, पण एक ओळ वाचत नसत. आतून "झालं हो" असा आवाज आला की "बरं" म्हणायचं आणि मग खुर्चीत जाऊन बसायचं. मालतीताई माझ्याजवळ कुरकुरायच्या की अगं, जमीन दुरुस्त झाली, हात जुळला, आता या माणसाला कोण दुरुस्त करणार? मी म्हटलं, बोलू का त्यांच्याशी? तर म्हणाल्या, नको गंबाई, राहू दे.

पुष्कळ वर्षं राहिले दोघं त्या घरात. खेरसाहेब त्याच घरात गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. मिलिंद आला होता, त्याने पुन्हा आईला चल म्हटलं, आईने पुन्हा नाही म्हटलं. तो परत गेल्यावर पहिले काही दिवस मी त्यांच्या सोबतीला राहायला गेले होते. सकाळी मालतीताई आंघोळीला गेल्या. मी बाहेर देवाची भांडी घासत होते. पाणी थांबलं, कडी वाजली आणि आतून आवाज आला, "झालं हो."

मग एकदम शांत. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असणार. दार उघडेना. मी उठले, राखेचे हात तसेच, दाराजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बरं."